योसेफाच्या कोठाराची किल्ली कुणाकडं?

ओंजळभर (धागाकर्ता)

मंडळी, सलाम.

गेल्या रविवारी आमच्याकडं कापणीचा सण झाला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शेतातलं, परसातलं जे असेल ते लोक चर्चमध्ये घेऊन येतात. ज्वारीच्या कणसांची जुडी, दुधी, गावरान अंडी, पाय बांधलेली कोंबडी, एखाद्या म्हातारीनं केलेल्या कुरडया. उपासना आटोपली की बाहेर मांडवात लिलाव. तीस रुपयांचा दुधी चारशेला जातो, घेणारा तो परत दानात देतो, पुन्हा बोली लागते. दुधी एकच, पण दिवसभरात चार हात फिरतो आणि शेवटी पाळकांच्या कालवणात पडतो.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. त्यामुळं जिथं बदली होईल तिथल्या मंडळीत खजिनदारकी गळ्यात पडायचीच. एका ठिकाणी (नावगाव नको) मी जाण्याआधी लिलावाचा पैसा एकाच माणसाच्या खिशात आणि एकाच वहीत असायचा. पावतीपुस्तक नव्हतंच. एका पावसाळ्यात ती वही "भिजली". त्या माणसानं पैसे खाल्ले असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण त्या वर्षानंतर तिथं दुधी साठ रुपयांच्या वर कधी चढला नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. पवित्र शास्त्रात "परमेश्वरानं पुरवलं" असं आलं की मी पुढच्या दहा ओळींत मोजणारा माणूस शोधतो. आणि तो बहुतेक वेळा सापडतोच.

योसेफाचंच घ्या. उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायात फारोला स्वप्न पडतं, सात धष्टपुष्ट गाई आणि त्यांना गिळणाऱ्या सात हाडकुळ्या गाई. योसेफ अर्थ सांगतो आणि गप्प बसत नाही. कुणी विचारलेलं नसताना योजना मांडतो. एक शहाणा माणूस वर नेमा, त्याच्या हाताखाली देशभर मुकादम नेमा, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा उचला आणि नगरोनगरी साठवा. स्वप्न देवानं पाठवलं, पण "पाचवा हिस्सा" हा आकडा योसेफाच्या तोंडून आला. त्या वेळी तो ३० वर्षांचा होता. १७ व्या वर्षी भावांच्या कटात सापडून वीस रुप्यांना विकला गेलेला पोर. मधली तेरा वर्षं कशात गेली? आधी पोटीफरच्या घरचा कारभार, मग तुरुंगात कैद्यांचा कारभार. दोन्हीकडं एकच गोष्ट सांगितली आहे, याच्या हाती काम दिल्यावर वरच्या माणसानं पुन्हा डोकावून पाहिलं नाही. फारोच्या दरबारात उभं राहण्याआधी त्याची उमेदवारी अशी झाली होती.

४१:४८ मला फार आवडतं. ज्या नगराभोवतीची शेतं, त्यांचं धान्य त्याच नगरात. सगळं राजधानीत ओढून नेलं नाही. तालुक्याच्या गोदामातून रेशनचा गहू गावात यायला किती हमाल्या आणि किती फाटकी पोती लागतात हे ज्यानं पाहिलंय त्याला या ओळीची किंमत कळेल.

दुसरी जागा निर्गम ३६. निवासमंडपासाठी (रानातून जाताना बरोबर न्यायच्या उपासनेच्या तंबूसाठी) लोक रोज सकाळी इतकं आणायला लागले की कारागीर हातातलं काम टाकून मोशेकडं गेले, म्हणाले पुरे झालं, गरजेपेक्षा जास्त येतंय. मोशेनं छावणीभर दवंडी पिटवली की आता कुणी काही आणू नका. दान थांबवा अशी नोटीस मी तरी आजवर कुठल्या चर्चच्या फळ्यावर वाचलेली नाही! आणि दोनच अध्याय पुढं, ३८ मध्ये, सोनं किती, रुपं किती, पितळ किती, कशाला लागलं, याचं अख्खं जमाखर्चाचं पत्रक. अहरोनाचा मुलगा इथामार याच्या देखरेखीखाली लेव्यांनी, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांनी, केलेलं.

तिसरी जागा २ राजे १२. योवाश राजानं याजकांना सांगितलं होतं की लोकांचा पैसा तुम्हीच घ्या आणि मंदिराची डागडुजी तुम्हीच करा. राजाचं २३ वं वर्ष उजाडलं तरी एक भगदाड बुजलेलं नाही. मग यहोयादा याजकानं एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि वेदीच्या उजव्या हाताला ठेवली. पेटी जड झाली की राजाचा लेखनिक आणि मुख्य याजक, दोघं येऊन मोजायचे आणि थैल्या बांधायचे. एक वाड्याचा, एक मंदिराचा. तिथून पैसा कामावरच्या मुकादमांकडं, आणि त्यांच्याकडून सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या हातात. आमच्या पेटीला दोन कुलपं आहेत. लोक समजतात ही बँकेच्या स्ट्राँगरूमची सवय. नाही, ती या अध्यायातून आली.

तर माझं म्हणणं एवढंच, की बायबलमध्ये पुरवठा देवाचा असतो पण माप माणसांच्या हातात असतं, आणि जिथं माप चारचौघांत होतं तिथं पुरून उरतं. तुमचं काय मत? श्रद्धा असो नसो, सगळ्यांनी लिहा.

---

बोरूबहाद्दर

पाळकांच्या कालवणाला +१. बाकी सावकाश वाचतो.

---

तर्कटराव

काका, लेख झकास. पण तुम्ही ४१ व्या अध्यायात गाडी थांबवून उतरलात. ४७ वा स्टेशनावर उभा आहे.

दुष्काळ पडल्यावर योसेफानं धान्य *वाटलं* नाही, *विकलं*. आधी मिसर (म्हणजे इजिप्त) आणि कनान इथला सगळा पैसा फारोच्या खजिन्यात गेला (४७:१४). पैसा संपल्यावर घोडे, मेंढरं, गुरं, गाढवं. ती संपल्यावर लोक म्हणाले, आता आमची अंगं आणि जमिनी तेवढ्या उरल्यात, त्या घ्या. त्यानं घेतल्या. सगळी शेतं फारोची झाली आणि शेतकरी आपल्याच शेतावर खंडकरी. बियाणं फारोचं, पिकाचा पाचवा हिस्सा फारोला, कायमचा. आणि जे धान्य विकलं ते मुळात त्यांच्याच शेतातून उचललेलं! याला आमच्याकडं सावकारी म्हणतात.

आणखी एक. तुम्ही मोजणाऱ्यांच्या शोधात असता ना? ४१:४९ पाहा. धान्य समुद्राच्या वाळूसारखं झालं म्हणून योसेफानं मोजणं *सोडून दिलं*. कोठाराची किल्ली एका माणसाकडं आणि माप बंद. तुमच्याच कसोटीवर तुमचा नायक नापास.

---

वसईवाली

तर्कटराव, एक ओळ तुमच्या नजरेतून सुटली, ती मी देते. ४७:२२. सगळ्यांच्या जमिनी गेल्या, याजकांच्या तेवढ्या राहिल्या. त्यांना फारोकडून शिधा बांधलेला होता. आता ४१:४५ बघा, योसेफाची बायको कोण? ओन नगराच्या याजकाची मुलगी आसनथ. म्हणजे सासुरवाडी सुरक्षित! :)

हे गमतीत लिहिलंय, शिधा फारोनंच ठरवलेला होता असं तिथं स्पष्ट आहे. पण माझ्या आजीनं ही कथा सांगताना हा भाग कधीच सांगितला नव्हता. ती भावांच्या भेटीवर येऊन रडायची आणि तिथंच संपवायची.

---

पेवातला दाणा

मी मंगळवेढ्याच्या बाजूचा. धागा उघडला आणि लगेच दामाजीपंत आठवले. बेदरच्या बादशहाचा ठाणेदार, दुष्काळात लोक मरताना पाहवेनात म्हणून सरकारी कोठारं उघडली आणि धान्य फुकट लुटवलं. बादशहानं पकडून आणायला माणसं धाडली. मग विठोबा विठू महाराच्या वेषात दरबारात गेला आणि धान्याची सगळी रक्कम भरून आला. आमच्याकडं ही कथा सांगताना म्हातारे एका गोष्टीवर हमखास जोर देतात, विठोबानं रक्कम भरली आणि *पावती घेतली*. देवाला पावती लागते, मग तुमच्या त्या भिजक्या वहीवाल्याला का लागू नये?

योसेफ आणि दामाजी, दोघंही दुसऱ्याच्या कोठाराचे राखणदार. एकानं मालकाची भर केली आणि लोक जगवले. दुसऱ्यानं मालकाला विचारलंच नाही. लहानपणी मला दामाजी मोठा वाटायचा, आजही वाटतो. पण एक आहे, दामाजीची कोठारं एका दुष्काळापुरती होती. सात वर्षं पुरवायची असती तर पहिल्याच वर्षी सगळं लुटवून कसं भागलं असतं?

साठवणीबद्दल थोडं. आमच्या वाड्यात पेव, म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, होतं, दोन पुरुष खोल. ज्वारी भरताना तळाला आणि कडेनं कडब्याचा जाड थर, वर माती लिंपायची. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतला वायू माणूस मारतो. आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास येतो आणि भाकरी किंचित पिवळट होते. चौथ्या वर्षीची ज्वारी आम्ही खाल्ली आहे. सात वर्षं धान्य टिकवणं म्हणजे काय हे पेव उपसलेल्या माणसाला विचारा. मिसरची कोरडी हवा होती म्हणून निभलं असेल.

---

जर्सीची आजी

पेवावरून आठवलं म्हणून लिहिते. लेकीकडं आले की नातवंडं मला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नेतात. तिथं इजिप्तच्या दालनात मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सापडलेली लाकडी खेळण्यांसारखी प्रतिकृती आहे, धान्याच्या कोठाराची. १९२० साली थीब्जच्या उत्खननात मिळालेली, जवळपास चार हजार वर्षांपूर्वीची. मी त्या काचेपुढं किती वेळ उभी राहिले ते नातवाला विचारा.

एका बाजूला खोल्या आहेत, माणसं पोती वाहून आणतायत, कुणी मापानं धान्य भरतोय. आणि दाराच्या लगत अंगणात काय असावं? मांडीवर पाट्या आणि कागद घेऊन बसलेले लेखनिक! आपल्या मार्केट यार्डात हुंडेकरी बसतात ना, तस्से. पोतं आत जाण्याआधी त्यांच्यापुढून जातं. मेलेल्या माणसाला परलोकात खायला लागेल म्हणून कोठार पुरलं, तर सोबत कारकूनही पुरले. मला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. माझे वडील आयुष्यभर आडतीच्या दुकानात दिवाणजी होते.

योसेफाचं नाव इजिप्तच्या लेखांत सापडलेलं नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्या देशात ही गोष्ट घडते तिथं कोठार म्हणजे कारकून हे समीकरण पक्कं होतं. तेव्हा "मोजणं सोडून दिलं" ही ओळ त्या लोकांच्या कानाला किती अजब लागली असेल!

---

बोरूबहाद्दर

आजी, यावर एक भर. मध्ययुगात युरोपातल्या यात्रेकरूंना पिरॅमिड म्हणजेच योसेफाची कोठारं वाटायची. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या घुमटात तसं मोझाइकही आहे. सगळा दगड, आत जेमतेम जागा, आणि म्हणे कोठार. सरकारी बांधकाम म्हणून मात्र शोभतं.

---

हिशेबनीस

पेशानं सीए. श्रद्धाबिद्धा विशेष नाही, पण काकांनी निर्गम ३८ चं नाव काढलं म्हणून उघडून पाहिलं आणि चहा गार झाला.

३८:२५-२६. रुपं १०० किक्कार आणि १७७५ शेकेल (दोन्ही त्या काळची वजनं). हे कुठून आलं तर वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाकडून अर्धा शेकेल, आणि असे पुरुष ६,०३,५५०. आता बेरीज जुळते का बघू. ६,०३,५५० चा अर्धा म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. एका किक्कारात ३,००० शेकेल, म्हणजे १०० किक्काराचे ३,००,०००. उरले १,७७५.

एका शेकेलाचाही फरक नाही!

पुढं खर्चाची बाजू. शंभर किक्काराच्या शंभर बैठका, फळ्यांच्या आणि पडद्याच्या खांबांच्या खाली बसवायच्या. म्हणजे बैठकीला एक किक्कार. उरलेल्या १,७७५ शेकेलांच्या खांबांच्या आकड्या आणि पट्ट्या, आणि खांबांचे माथे मढवले. जमा बरोबर खर्च, शिल्लक शून्य. ज्यानं हे लिहिलं त्यानं ते कुणीतरी तपासणार हे धरून लिहिलंय. श्रीमंतानं अर्ध्या शेकेलाहून जास्त द्यायचा नाही आणि गरिबानं कमी द्यायचा नाही असंही ३०:१५ मध्ये आहे, म्हणून ही बाजू डोकी मोजून पडताळता येते. सोन्याचं तसं नाही, ते स्वखुशीचं. त्याची फक्त एकूण रक्कम दिली आहे. लेखापरीक्षक म्हणून सांगतो, हा फरक करणारा माणूस धंद्यातला होता.

आता काका, तुम्हाला एक टोचणी. २ राजे १२ मध्ये पेटी दोघांनी मोजली हे तुम्ही सांगितलं. १५ वं वचन गाळलंत. कामगारांना पैसे देणाऱ्या मुकादमांकडून *हिशेब घेत नसत*, कारण ते इमानानं वागत. हे माझ्या पेशाच्या पोटावर पाय देणारं वाक्य आहे. याचं काय करायचं?

---

ओंजळभर (धागाकर्ता)

टोला बसला, दोन्ही बाजूंनी. एकेक घेतो.

हिशेबनीस, ते वचन मी गाळलं नाही, टाळलं. खरं तर मला ते पेटीपेक्षा मोठं वाटतं. ज्यांनी २३ वर्षं मोघम पैसे घेतले त्यांच्यासाठी पेटी आली. ज्यांच्या हाताचं काम डोळ्यांना दिसत होतं, बुजलेलं भगदाड, बसवलेली तुळई, त्यांचा हिशेब भिंतीवरच होता. आमच्या गवंड्यानं चर्चची गच्ची केली तेव्हा मी सिमेंटची पोती मोजायला गेलो. तो म्हणाला, बाबा, पोती मोजू नका, पावसात या. पावसात गेलो. थेंब नाही. त्यानंतर त्याला कधी काही विचारलं नाही.

तर्कटराव, ४७ व्या अध्यायाचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. लोक स्वतः म्हणतात, तुम्ही आमचे प्राण वाचवले (४७:२५). आणि चार हिस्से कुळाला, एक हिस्सा मालकाला हा वाटा त्या काळी वाईट नव्हता. आपल्याकडं अर्धेलीनं किती पिढ्या गेल्या! हे सगळं लिहून काढलं आणि पुसलं. कारण मनाला पटलं नाही. प्राण वाचवणाऱ्याला माणूस काय वाटेल ते लिहून देतो.

---

तर्कटराव

काका, पुसलंत त्याबद्दल मान. मग आणखी एक पान उलटा. निर्गम १:८, योसेफाला न ओळखणारा नवा राजा. १:११, त्यानं इस्राएलाच्या लोकांना वेठीला धरून काय बांधून घेतलं? पिथोम आणि रामसेस. ही कसली नगरं? *कोठारांची.* पणजोबानं कोठारं भरली, पणतवंडं कोठारांच्या विटा थापतायत. ही सरळ रेष ओढणारा लेखक योसेफावर नुसता खूश असेल असं मला वाटत नाही.

शलमोन राजाचंही तेच. १ राजे ४ मध्ये देशाचे बारा भाग, बारा कारभारी, एकेकानं वर्षातला एक महिना राजवाड्याची रसद पुरवायची. शिस्त म्हणाल तर घड्याळासारखी. रोज ३० कोर (धान्याचं मोठं माप) सपीठ, ६० कोर पीठ, तीस बैल, शंभर मेंढरं. शलमोन गेल्यावर लोक त्याच्या मुलाला काय म्हणाले? तुझ्या बापानं जड जू आमच्या मानेवर ठेवलं, ते हलकं कर. त्यानं नाही म्हटलं आणि राज्य दुभंगलं.

म्हणून नीटनेटका कारभार म्हणजे देवाचा पुरवठा, हे मला मान्य नाही. वेठबिगारीच्या नोंदवह्याही नीटनेटक्याच असतात.

---

वसईवाली

आता मला राहवत नाही. सगळे राजवाड्यात आणि कोठारात अडकलात. जरा गवतावर या.

मार्कचं शुभवर्तमान, अध्याय ६. पाच हजार पुरुष, संध्याकाळ, ओसाड जागा. शिष्य हिशेब करतात की दोनशे दिनारांच्या भाकरी लागतील, आणि हात वर करतात. येशू काय करतो? आधी *बसवतो*. हिरव्या गवतावर, शंभर शंभर, पन्नास पन्नास. मराठी बायबलमध्ये तिथं पंक्ती म्हटलंय, आणि आपल्या कानाला पंगत ऐकू येते. पण मूळ ग्रीक शब्द ज्यासाठी आहे तो भाजीचा वाफा. वाफे पाडल्यासारखी माणसं बसली. आमच्या वाडीत पालकाचे वाफे बघते तेव्हा मला हे दिसतं. वाफा का पाडतात? पाणी शेवटच्या रोपापर्यंत पोचावं म्हणून. नाहीतर मोटेजवळचं कुजतं आणि बांधाजवळचं सुकतं.

गर्दीत पाच भाकरी सोडल्या असत्या तर पुढं घुसणाऱ्या दांडग्यांनी खाल्ल्या असत्या आणि मागं बायका-पोरं उपाशी राहिली असती. चमत्कार वाढण्यात झाला, पण वाफे पाडले नसते तर तो शेवटच्या म्हातारीपर्यंत गेला नसता. आणि योहान ६:१२ मध्ये, सगळे जेवल्यावर, उरलेले तुकडे गोळा करा, वाया जाऊ देऊ नका. बारा टोपल्या. जो पाचाचे हवे तेवढे करू शकतो तो उष्टं गोळा करायला सांगतो. आमच्या घरी भाकरीचा तुकडा टाकला की आजी हेच सांगायची.

तर्कटराव, शलमोनाच्या बारा कारभाऱ्यांत आणि या बारा टोपल्यांत फरक आहे. तिथं गावाकडून टेबलाकडं जायचं. इथं मधून बाहेर जातं.

---

तर्कटराव

वाफ्यांना मी शरण. खरंच.

---

दौंड लोकल

अवांतर वाटेल, पण नाही. माझं आजोळ केडगावजवळ. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आवारात मी लहानपणी हिंडलोय.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून अनाथ, विधवा मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात पुन्हा गुजरातेतून. देव पुरवील हा त्यांचा भरवसा जगजाहीर आहे. पण केडगावला काय काय होतं ते बघा. विहिरी खोदल्या, शेती, फळबाग, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. छापखान्यात खिळे जुळवायला याच मुली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबल केलं, तेही तिथंच. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तोवर ते काम पुरं झालं होतं.

अजून एक, हिशेबनीसांसाठी. रमाबाईंच्या शाळेसाठी १८८७ साली बोस्टनमध्ये एक संस्था स्थापन झाली होती. दहा वर्षं पैसा पुरवायचा अशी बांधिलकी. मुदत ठरलेली, माणसं ठरलेली. त्यावरच १८८९ ला मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. प्रार्थना आणि मुदतबंद बांधिलकी, दोन्ही एकाच बाईच्या आयुष्यात.

माझी आजी म्हणायची, तिथल्या विहिरीचं पाणी गोड लागतं कारण ती उपाशी माणसांसाठी खोदलेली.

---

हिशेबनीस

दौंड लोकल, धन्यवाद. घाण्याचं माहीत नव्हतं.

काका, येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताबद्दल कुणीच बोललं नाही. बारा जणांत थैली त्याच्याकडं होती आणि तो त्यातलं काढून घेई (योहान १२:६). प्रत्यक्ष येशूच्या मंडळीत एकाच माणसाकडं थैली!

---

ओंजळभर (धागाकर्ता)

बरोबर. आणि मला वाटतं पुढच्यांनी तो धडा घेतला. पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो तेव्हा एकटा थैली उचलत नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवतो आणि कारण स्वच्छ सांगतो, या मोठ्या रकमेबद्दल कुणी आम्हाला दोष देऊ नये. २ करिंथ ८. देवासमोर चांगलं तेवढं पुरत नाही, माणसांसमोरही दिसलं पाहिजे असं तो म्हणतो. त्याच अध्यायात तो मान्न्याचा, म्हणजे मिसरमधून निघालेल्या लोकांना रानात रोज मिळणाऱ्या अन्नाचा, दाखला देतो. ज्यानं पुष्कळ गोळा केलं त्याला उरलं नाही, ज्यानं थोडं केलं त्याला कमी पडलं नाही. माणशी एक ओमर, एवढंच माप. साठवून ठेवलं की सकाळी किडे. तर्कटराव, मिसरची कोठारं बांधून बाहेर पडलेल्या लोकांना पहिली शिकवण ही मिळाली, की आज *साठवायचं नाही*. वीट थापणाऱ्याच्या हातून कोठाराची सवय काढायला चाळीस वर्षं लागली.

आणि प्रेषितांची कृत्ये ६. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी काय केलं? सात जण निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार, वाटप त्यांच्याच माणसांच्या हाती दिलं. आमच्याकडं तक्रार करणाऱ्याला कमिटीतून काढतात.

धाग्याच्या सुरुवातीला मी योसेफाचं नाव घेतलं ते आता घेणार नाही. त्याच्या जागी नहेम्याला बसवतो. बारा वर्षं यहूदाचा अधिपती होता, अधिपतीचा भत्ता घेतला नाही, वर रोज दीडशे माणसं त्याच्या पंक्तीला. आणि १३ व्या अध्यायात तो परगावाहून परत येतो तर मंदिराची कोठी एल्याशीब याजकानं नहेम्याचा विरोधक तोबीया याला राहायला दिलेली! जिथं धान्य, धूप, पात्रं ठेवायची तिथं त्याचं सामान. लेव्यांना वाटा मिळेना म्हणून ते आपापल्या शेतावर निघून गेलेले. नहेम्यानं सामान बाहेर फेकलं, खोल्या शुद्ध करून घेतल्या. मग चार माणसं नेमली. एक याजक, एक लेखनिक, एक लेवी, आणि त्यांच्या हाताशी हानान. एका गटाचे चौघे नव्हेत. निवडीचं कारण एकच दिलंय, लोक त्यांना भरवशाचे मानत.

---

बोरूबहाद्दर

काका, मग तुमच्या पेटीची दुसरी किल्ली कुणाकडं? सेक्रेटरीकडं ना? म्हणजे पाळकांच्या मेव्हण्याकडं? :)

---

ओंजळभर (धागाकर्ता)

सात वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मान खाली घातली असती.

आता ती महिला मंडळातल्या एका आजींकडं असते. विधवा, निरक्षर, आयुष्यभर भाजी विकली. ठराव आला तेव्हा दोघातिघांनी नाकं मुरडली, सही न येणारी बाई काय मोजणार. आजी नोटा बोटांनी नाही मोजत, गठ्ठा अंगठ्याखाली सोडत जातात आणि ओठ हलतात. नाण्यांचे दहादहाचे ढीग लावतात आणि तळहात वरून फिरवतात. एखादा ढीग बुटका असला की हाताला कळतो.

या सणाच्या लिलावाचे पैसे मोजले. मी वहीत लिहिलं, कॅप लावली. आजी म्हणाल्या, "लेकरा, परत वत." मी म्हटलं, दोनदा मोजलंय. त्या उठल्याच नाहीत. परत ओतलं. दहाची एक नोट दुसऱ्या नोटेला चिकटून आली होती, कोंबडीवाल्याच्या हाताला हळद होती बहुतेक.

वहीत खाडाखोड आहे, दोघांच्या खुणेसकट. माझी सही, त्यांचा अंगठा.